ढ उंदरांची शाळा

मागच्या गणपतीत साताऱ्याला आत्याकडे फोन लावला होता. आरती झाली होती, प्रसाद वाटून झाला होता, आत्या निवांत होती. आणि आत्या निवांत असली की चौकशी आलीच. "काय गं, तू इंजिनियर ना? मग अजून ते उंदीरच कसले घेऊन बसलीस? इकडे देव बसलेत. त्याचं वाहन आहे ते. निदान दहा दिवस तरी हात लावू नकोस हो."

दहा दिवसांची सुट्टी काही मिळाली नाही. पण आत्याचा पहिला प्रश्न मला गेली बारा वर्षं प्रत्येक भारतवारीत विचारला जातो, आणि मी दर वेळी "अगं, ते सिग्नल प्रोसेसिंग असतं" असं काहीतरी पुटपुटून पोह्यांची बशी पुढे ओढते. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू. मात्र उत्तर माझ्यापासून सुरू होत नाही. ते सुरू होतं शंभर वर्षांपूर्वी बर्कलीच्या उंदरांपासून.

आधी थोडं माझं. दहावीला मार्क बरे पडले, आणि अकरावीला मी बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. कारण अगदी साधं होतं. बेडूक कापायला लागणार नव्हता, आणि पाठांतर कमी होतं. वयाच्या सोळाव्या वर्षी एका कागदावर खूण केली आणि सजीव सृष्टीशी माझा संबंध संपला, असं मी आणि माझ्या घरच्यांनी गृहीत धरलं. पुढे इंजिनियरिंग, मग अमेरिकेत एमएस, आणि मग एका प्रोफेसरांच्या नादाने न्यूरोसायन्सची पीएचडी. विद्यापीठ अमेरिकेच्या मध्यभागातलं, राज्य सरकारचं, अवाढव्य. पहिल्याच सत्रात मेंदूच्या शरीररचनेची परीक्षा होती. टेबलावर मेंदूचे काप मांडलेले, त्यात टाचण्या टोचलेल्या, प्रत्येक टाचणीला एक मिनिट. मला शंभरात अडतीस मिळाले. शेजारची मुलगी डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन आलेली, तिला एक्क्याण्णव. त्या आठवड्यात मी घरी फोन केला नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका तासाला वाचायला म्हणून १९६४ सालचा एक नऊ पानी शोधनिबंध हातात पडला. त्यात उंदीर होते, खेळणी होती आणि मोजमापं होती. मोजमापं म्हटल्यावर जरा जिवात जीव आला. तिथून मी मागे मागे वाचत गेले. आता नोकरीनिमित्ताने बर्कलीपासून तासाभराच्या अंतरावर राहते, त्यामुळे हे वेड अजून सुटलेलं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना १८६८ सालची. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकार राज्यांना जमिनी देईल, त्या विकून राज्यांनी शेतकी आणि यांत्रिकी शिकवणारी कॉलेजं काढावीत, अशी ती योजना. अमेरिकेतली कितीतरी मोठी सरकारी विद्यापीठं या जमिनींतून उभी राहिली. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलांना शिकता यावं हा उद्देश. मेंदूचा अभ्यास वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

या विद्यापीठात १९१८ साली एडवर्ड टोलमन नावाचे तरुण प्राध्यापक मानसशास्त्र शिकवायला आले. आता गंमत बघा. टोलमन यांची पहिली पदवी होती एमआयटीची, विषय इलेक्ट्रोकेमिस्ट्री, साल १९११. म्हणजे आपल्यातलेच! वडील कारखानदार, थोरला भाऊ रिचर्ड पुढे नावाजलेला शास्त्रज्ञ झाला. एडवर्ड मात्र शेवटच्या वर्षात विल्यम जेम्स यांची पुस्तकं वाचून बिघडले आणि हार्वर्डला मानसशास्त्रात गेले. (त्यांच्याही कुठल्यातरी आत्याने "तू इंजिनियर ना?" असं विचारलंच असणार.)

त्या काळी मानसशास्त्रात मोठा दरारा होता तो वर्तनवाद्यांचा. प्राणी म्हणजे एक पेटी. इकडून उद्दीपन टाका, तिकडून प्रतिक्रिया घ्या, पेटीच्या आत काय आहे ते विचारू नका. टोलमनना हे पटेना. त्यांनी आणि हॉन्झिक यांनी १९३० साली एक प्रयोग केला. भुकेल्या उंदरांचे तीन गट, आणि रोज भुलभुलैयातून एक फेरी. एका गटाला शेवटी खाणं मिळायचं, दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्या गटाला दहा दिवस काही नाही, आणि अकराव्या दिवसापासून खाणं. पहिला गट हळूहळू शहाणा होत गेला. तिसरा गट दहा दिवस नुसताच भटकत होता. पण खाणं दिसल्यावर एक-दोन दिवसांतच त्याच्या चुका धाडकन खाली आल्या. म्हणजे त्या दहा दिवसांत हे उंदीर उनाडक्या करत नव्हते, डोक्यात नकाशा काढत होते. फक्त तो वापरायचं काही कारण त्यांच्याजवळ नव्हतं. परीक्षेत अडतीस मिळालेल्या माणसाला हा प्रयोग किती आवडावा, सांगा.

टोलमन यांचाच एक विद्यार्थी रॉबर्ट ट्रायॉन. त्याने एका भुलभुलैयात उंदरांची परीक्षा घेतली आणि कमी चुका करणाऱ्यांची लग्नं कमी चुका करणाऱ्यांशी लावली, जास्त चुका करणाऱ्यांची जास्त चुका करणाऱ्यांशी. असं वीसच्या वर पिढ्या. अखेर दोन वेगळी घराणी तयार झाली, एक हुशार उंदरांचं आणि एक ढ उंदरांचं. "बघा, बुद्धी रक्तात असते" असं म्हणायला हा प्रयोग फार सोयीचा होता, आणि पाठ्यपुस्तकांतून तो तसा मिरवलाही गेला. पण नंतर लक्षात आलं की ही हुशारी त्या एका भुलभुलैयापुरतीच होती. भुलभुलैया बदलला तर "ढ" उंदीर कधी कधी बरोबरीनं, तर कधी पुढेही असायचे. आणि १९५८ साली कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात कूपर आणि झुबेक यांनी आणखी एक पाचर मारली. अशाच एका ढ घराण्यातली पिल्लं खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात वाढवली, तर ती हुशारांच्या जवळपास पोचली. हुशार घराण्यातली पिल्लं ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवली, तर तीही ढ झाली. घराणी तीच, बदलला तो पिंजरा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४९ साली विद्यापीठाच्या नियामक मंडळाने फर्मान काढलं, की सगळ्या प्राध्यापकांनी आपण कम्युनिस्ट नाही अशी शपथ लिहून द्यावी. टोलमन तेव्हा साठी ओलांडलेले. त्यांनी नकार दिला. तरुण सहकाऱ्यांना मात्र ते सांगत, की तुमच्या नोकऱ्या कच्च्या आहेत, तुम्ही सही करा, हे भांडण आम्हा म्हाताऱ्यांना करू द्या. १९५० च्या ऑगस्टमध्ये एकतीस प्राध्यापकांना काढून टाकण्यात आलं. खटला टोलमन यांच्याच नावाने चालला, आणि १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्राध्यापकांना परत घ्यायला लावलं. पुढे विद्यापीठाने मानसशास्त्राच्या इमारतीला त्यांचंच नाव दिलं. (ती इमारत भूकंपात टिकणार नाही म्हणून २०१९ मध्ये पाडली.) सरकारी विद्यापीठाचं हे असं असतं. पैसा जनतेचा, आणि म्हणून मालकी सांगायला येणारेही पुष्कळ.

असो. आपले उंदीर वाट पाहत आहेत.

टोलमन यांचा दुसरा एक विद्यार्थी डेव्हिड क्रेच. रशियन साम्राज्यात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. पन्नासच्या दशकात त्याच्या डोक्यात आलं, की हुशार आणि ढ उंदरांच्या मेंदूत रासायनिक फरक असला पाहिजे. पण मानसशास्त्रज्ञाला रसायन कुठे येतं? मग त्याने आणि मार्क रोझेनझ्वाइगने एडवर्ड बेनेट या रसायनशास्त्रज्ञाला गाठलं. हा मेल्विन कॅल्विन यांच्या गटातला. तेच कॅल्विन, ज्यांना प्रकाशसंश्लेषणासाठी १९६१ साली नोबेल मिळालं. तिघांनी मिळून मेंदूतलं एक विकर मोजायला घेतलं, ॲसिटिलकोलीनेस्टरेज. पुढे त्यांनी वाढवण्याच्या पद्धतीतही फरक केला. दूध सुटलेली पिल्लं घ्यायची. काही जणांना दहा-बारांच्या टोळीत मोठ्या पिंजऱ्यात ठेवायचं, शिड्या, चाकं, खोकी द्यायची आणि ती सारखी बदलायची. त्यांच्याच एखाद्या भावाला एकट्याला लहान पिंजऱ्यात ठेवायचं, खाणं-पाणी भरपूर, पण बाकी काही नाही. ऐंशी दिवसांनी दोघांचे मेंदू तपासायचे.

विकराचं प्रमाण मेंदूच्या दर मिलिग्रॅममागे काढायचं, म्हणून प्रत्येक तुकड्याचं वजन आधी लिहिलं जायचं. बरीच वर्षं हे आकडे वहीत पडून होते. सगळ्यांचं लक्ष रसायनावर. मग कधीतरी कुणीतरी नुसत्या वजनांच्या रकान्याकडे पाहिलं, आणि दिसलं की खेळणीवाल्यांच्या मेंदूची वरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, वजनालाच जास्त आहे! खरा शोध भागाकाराच्या तळातल्या आकड्यात दडून बसला होता. आम्हा इंजिनियर लोकांना हे वाचून आनंदही होतो आणि धडकीही भरते. आपल्या वह्यांत असे किती रकाने न पाहता पडले असतील?

पण वजन वाढलं म्हणजे नक्की काय झालं? हे सांगायला शरीररचना जाणणारं माणूस हवं. ते माणूस म्हणजे मारियन डायमंड.

डायमंडबाईंचा जन्म १९२६ चा. बर्कलीच्या शरीररचना विभागातली पहिली स्त्री संशोधक विद्यार्थी. विभागात आल्यावर त्यांना पहिलं काम काय दिलं असेल? एका मोठ्या यंत्राला कापडाची खोळ शिवायचं. बाईंनी ती शिवली, आणि १९५३ साली पीएचडीही घेतली. नवऱ्याच्या नोकरीमागून कॉर्नेलला गेल्या, मुलं झाली, तिथे शिकवलं. तिथे असताना त्यांनी बर्कलीच्या या तिघांचं काम वाचलं. १९६० च्या सुमारास परत आल्या आणि त्यांच्यात सामील झाल्या.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि म्हणूनच भारी होतं. मेंदूचे पातळ काप करायचे, रंगवायचे, प्रतिमा मोठी करून कॉर्टेक्सची जाडी मोजायची. कापांवर नुसते आकडे, म्हणजे मोजणाऱ्याला हा खेळणीवाला की एकटा ते कळता कामा नये. मग शेवटी आकड्यांची कुलपं उघडायची. फरक निघाला सुमारे सहा टक्के. जाडी मिलिमीटरच्या घरातली, त्याचे सहा टक्के म्हणजे केसाइतकाच फरक. बाई कागद घेऊन आवारातून धावत क्रेचकडे गेल्या. त्याने आकडे पाहिले आणि म्हणाला, की मेंदूबद्दलचा विचारच यानं बदलणार.

तेव्हा सर्वमान्य समजूत अशी होती, की मोठेपणी मेंदू बदलत नाही. मिळाला तो मिळाला, पुढे फक्त झीज. कॅनडातल्या डोनाल्ड हेब यांनी उंदीर घरी नेऊन मुलांबरोबर वाढवले होते आणि ते परीक्षेत सरस ठरले, असं १९४९ च्या पुस्तकात लिहिलं होतं. पण ते वागण्याबद्दल होतं. इथे प्रत्यक्ष मांस मोजलेलं होतं. शरीररचना शास्त्रज्ञांच्या परिषदेत बाईंनी हे मांडलं, तेव्हा एक गृहस्थ उठून मोठ्याने म्हणाले, "बाई, मेंदू बदलूच शकत नाही!" ही आठवण त्या पुढे अनेकदा सांगत. त्या गृहस्थांना त्यांनी शांतपणे सांगितलं, की पहिला प्रयोग केला, तोच पुन्हा केला, आणि आकडे तेच आले.

आणखी एक आठवण. निबंधाच्या मसुद्यावर आधी दोघा पुरुषांची नावं होती, आणि बाईंचं नाव शेवटी, तेही कंसात. का, तर त्यांना म्हणे काय करावं ते सुचलं नाही, असं पूर्वी कधी झालंच नव्हतं. बाई म्हणाल्या, काम मी केलंय. छापून आलं तेव्हा पहिलं नाव डायमंड, मग क्रेच, मग रोझेनझ्वाइग. माझ्या हातात आलेला नऊ पानी निबंध तो हाच. कंस गेला, पण जावा लागला, हे त्या पानावरून कुणाला कळणार नाही.

आता थोडी सावधगिरी. या प्रयोगावर पुढे जगभर दुकानं उघडली. बाळाला गाणी ऐकवा, पाटीवरची चित्रं दाखवा, मेंदू वाढेल. आपल्याकडेही मध्यंतरी "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन"चे क्लास निघाले होते, डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना वाचायला लावणारे. माझ्या एका चुलतभावाने मुलासाठी भरपूर पैसे भरले, आणि वर मला विचारलं, "तुमच्या त्या उंदरांच्या प्रयोगात हेच आहे ना?" नाही. त्या प्रयोगातला "समृद्ध" पिंजरा हा नुसता प्रयोगशाळेतला पिंजरा होता. शेतातल्या उंदराला रोज त्यापेक्षा जास्त अनुभव मिळतो. प्रयोग खरं तर जास्त जोरात हे सांगतो, की एकटं कोंडून ठेवलं तर मेंदूचं काय होतं.

खुद्द बाईंनाही मोह आवरला नाही. आइन्स्टाइन यांच्या मेंदूचे चार तुकडे त्यांनी मिळवले आणि १९८५ साली लिहिलं, की एका भागात दर चेतापेशीमागे आधार देणाऱ्या ग्लिया पेशी जास्त आहेत. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. पण एका बाजूला एक मेंदू, दुसऱ्या बाजूला अकरा, आणि चार भागांपैकी फरक फक्त एकात. हे आकडे आमच्याकडच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आणले तर त्याला परत पाठवतील. मला त्यांचं त्याहून मोलाचं काम वाटतं ते म्हाताऱ्या उंदरांचं. ९०४ दिवसांच्या, म्हणजे अडीच वर्षांच्या जख्ख उंदरातही खेळण्यांनी कॉर्टेक्स जाड झाला होता.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. हे सगळं घडत होतं तेव्हा न्यूरोसायन्स नावाचा विषयच विद्यापीठात नव्हता. क्रेच मानसशास्त्रात, बेनेट रसायनात, डायमंडबाई शरीररचनेत. भेटायचं तर आवार ओलांडून. ज्याला मेंदू शिकायचा त्याने आधी कुठल्यातरी एका घराचं नाव लावायचं. मग भिंती पडायला लागल्या, आणि बऱ्याचशा याच सरकारी विद्यापीठात पडल्या. बर्कलीला मानसशास्त्रात पीएचडी केलेल्या जेम्स मॅकगॉ यांनी १९६४ मध्ये अर्व्हाइनच्या नव्या आवारात सायकोबायॉलॉजीचा विभाग काढला. सॅन डिएगोच्या आवारात १९६५ मध्ये रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी थेट न्यूरोसायन्सेस या नावाचा विभाग उभा केला. १९६९ मध्ये अमेरिकेत या विषयाची संस्था निघाली. १९७१ मध्ये वॉशिंग्टनला तिचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चौदाशेच्या आसपास लोक आले होते. पुढे तीस हजारांवर जमू लागले, मीही त्या गर्दीत पोस्टर घेऊन उभी राहिले आहे. बर्कलीच्या न्यूरोसायन्स संस्थेला नाव आहे हेलन विल्स यांचं. विम्बल्डनचं एकेरी विजेतेपद आठ वेळा जिंकलेली ही टेनिसपटू बर्कलीलाच शिकायला होती, आणि १९९८ साली जाताना एक कोटी डॉलर मेंदूच्या अभ्यासासाठी ठेवून गेली.

या नव्या विभागांना सगळ्या घरांतली मुलं लागत होती. म्हणून आजही पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत पाळीपाळीने काम करायला लावतात. डॉक्टरकीवालीला समीकरणं सोडवावी लागतात आणि इंजिनियरला मेंदूचे काप ओळखावे लागतात. हॉजकिन आणि हक्सली यांची १९५२ ची समीकरणं फळ्यावर आली, तेव्हा वर्ग गप्प झाला, आणि मला मात्र त्यात जुना मित्र दिसला: कपॅसिटर, रेझिस्टन्स आणि बॅटरी. चेतातंतूचं सर्किट! त्या रात्री शेजारची एक्क्याण्णववाली माझ्याकडे शिकायला आली, आणि पुढचे दोन महिने तिने मला टाचण्या शिकवल्या. दुसऱ्या परीक्षेत मला चौऱ्याहत्तर.

म्हणजे सगळं गोड नव्हतं. शिकवणीच्या कामातून फी माफ व्हायची आणि जेमतेम भागेल इतकं विद्यावेतन मिळायचं. एका हिवाळ्यात चौघींनी दोन खोल्यांत दिवस काढले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अठ्ठेचाळीस हजार विद्यार्थी-शिक्षकांनी आणि संशोधकांनी २०२२ च्या शेवटी सहा आठवडे संप केला, तो उगाच नाही. आणि उंदरांचं तर बोलायलाच नको. ऐंशी दिवस खेळणी दिली तरी शेवटी मेंदू काढावाच लागतो. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा योगायोगाने चतुर्थी होती. घरी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मोदक न करता नुसता गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि बराच वेळ बसून राहिले.

डायमंडबाई २०१७ मध्ये, नव्वदीत, गेल्या. तासाला येताना फुलाफुलांच्या टोपीच्या डब्यातून खरा मानवी मेंदू घेऊन यायच्या. त्यांची व्याख्यानं इंटरनेटवर आहेत, जरूर पाहा. इंग्रजी अवघड वाटलं तरी हातमोजे घालून त्या मेंदू कशा उचलतात, तेवढं पाहिलंत तरी पुरे.

हे सगळं मी त्या दिवशी आत्याला फोनवर सांगितलं, जवळजवळ पाऊण तास. तिनं मध्ये एकदा गॅस बंद केला, एकदा दार उघडलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती खेळणी आता सगळ्या उंदरांना देतात का गं, की अजून अर्ध्यांनाच?"

बरोबर जागी बोट ठेवलं. आता इकडच्या नियमावलीतच आहे, की प्राण्यांना शक्यतो सोबतीनं ठेवा आणि पिंजऱ्यात काहीतरी करमणूक द्या. आमच्याकडे प्रत्येक पिंजऱ्यात पुठ्ठ्याची एक नळी आणि कुरतडायला लाकडाचा तुकडा असतो. दोन-दोन उंदीर असतात. नळी दर आठवड्याला बदलतात, कारण तोवर त्यांनी ती खाऊन टाकलेली असते.

"दोघं आहेत ना, मग बरंय," आत्या म्हणाली.